दिउडीचे रामदयाल मुंडा

विद्यापीठ म्हणजे सगळ्यात मोठी शाळा. तिथल्या मुख्य माणसाला कुलगुरू म्हणतात. काय शिकवायचे, कोणी शिकवायचे, यात त्याचा शब्द मोठा असतो. आता सांगा बरं, त्या खुर्चीवर रानातल्या गावचा आदिवासी माणूस बसला तर काय होईल? रांचीला काय झाले ते आम्ही सांगतो.

रांची शहर आज झारखंड राज्यात आहे. २००० सालापूर्वी तो मुलूख बिहारात होता. तिथे मुंडा नावाचे आदिवासी राहतात. बिरसा मुंडा यांच्यातलेच. यांची भाषा मुंडारी. घरात मुंडारी, शेतात मुंडारी. शाळेत मात्र हिंदी. ज्या बोलीत आई हाक मारते, ती बोली शाळेच्या दाराबाहेर ठेवायची! मग पोर मुके बसते, आणि लोक म्हणतात, पोर मठ्ठ आहे.

रामदयाल मुंडा १९३९ साली दिउडी या खेड्यात जन्मले. रांचीला शिकले. मग अमेरिकेत शिकागोला जाऊन त्यांनी भाषाशास्त्रात मोठी पदवी घेतली. त्याच देशात मिनेसोटा विद्यापीठात ते शिकवू लागले. सगळे बरे चालले होते. तरी १९८० नंतर ते घरी परतले.

कशाला? रांची विद्यापीठात आदिवासींच्या आणि त्या भागातल्या भाषांचा वेगळा विभाग निघत होता, तो उभा करायला. मुंडारी, संथाळी, हो, खडिया, कुडुख या पाच आदिवासी भाषा. शिवाय नागपुरी, खोरठा, कुरमाली, पंचपरगनिया या चार. (ही नागपुरी आपल्या नागपूरची नव्हे बरं का, छोटा नागपूरची.) छापलेली पुस्तके थोडी होती. पण गाणी नि गोष्टी गावोगाव म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी होत्या. न छापलेली, पण विद्याच ती. ज्या बोलीला शाळेत जागा नव्हती, तिच्यात आता एम. ए. करता येऊ लागले.

पुढे ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९८८ पर्यंत होते.

साल झाडाला मोहर येतो तेव्हा तिकडे सरहूल हा सण असतो. त्या मिरवणुकीत ते गळ्यात नगारा अडकवून वाजवीत, नाचत. बासरीही छान वाजवीत. आपल्याकडे माणूस साहेब झाला की गावची बोली चोरून बोलतो. हे गृहस्थ भर रस्त्यात नाचले!

२०१० साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ साली ते वारले. २००३ सालच्या घटनादुरुस्तीने संथाळीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. त्यांच्या मुंडारीला अजून मिळालेली नाही.