शाळेच्या दारातील भ्रमणध्वनी

शाळेत भ्रमणध्वनी असावा की नसावा, या वादातील दोन्ही बाजूंचे मुद्दे एव्हाना सर्वांना पाठ झाले आहेत. वर्गात घंटी वाजली की साऱ्यांचेच लक्ष उडते, परीक्षेत कॉपी सोपी होते, एखाद्या मुलीचे छायाचित्र तिच्या नकळत काढून तिला त्रास देता येतो. याउलट, दुरून येणाऱ्या मुलाचा घरच्यांशी संपर्क राहतो. २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तर अनेक घरांत भ्रमणध्वनी हाच वर्ग झाला. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगावयास नको. मात्र बंदी घातल्यावर भ्रमणध्वनी ठेवायचा कुठे, हा साधा प्रश्न या वादात क्वचितच विचारला जातो.

या दृष्टीने अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथील सरकारी शाळांत भ्रमणध्वनी आणण्यास मनाई होतीच. २००६ मध्ये, मायकेल ब्लूमबर्ग महापौर असताना, धातुशोधक यंत्रांनी झडती घेऊन भ्रमणध्वनी जप्त होऊ लागले. पालक संतापले. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला त्यांच्याच शहरावर झाला होता. मूल सुखरूप आहे की नाही, हे त्यांना कळावयास हवे होते. काही पालक न्यायालयात गेले, परंतु बंदी कायम राहिली.

मग मुलांनी काय केले? जेथे यंत्रे नव्हती, तेथे भ्रमणध्वनी आवाज बंद करून दप्तरातून आत जात राहिला. कायमची यंत्रे होती ती मुख्यतः गरीब वस्त्यांतील शाळांत. तेथील मुले शाळेजवळच्या दुकानात किंवा रस्त्यावर उभ्या असणाऱ्या व्हॅनमध्ये भ्रमणध्वनी ठेवू लागली. त्याचे भाडे दिवसाला १ डॉलर! नियम सर्वांना एकच, भुर्दंड मात्र गरिबाच्या पोरांना. २०१५ मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांच्या प्रशासनाने ही बंदी उठवली.

सप्टेंबर २०२५ पासून न्यूयॉर्क राज्याने सर्व सरकारी शाळांत, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत, स्मार्टफोनच्या वापरावर पुन्हा बंदी आणली. या वेळी मात्र फोन ठेवण्याची व्यवस्था शाळांवर सोपवली, त्यासाठी निधी दिला, आणि पालकांना मुलांशी संपर्क साधण्याचा मार्ग शाळेने द्यावा, असे बंधनही घातले.

त्याच वर्षी आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने सरसकट बंदी इष्ट नाही आणि व्यवहार्यही नाही, असे मत नोंदवले. वर्गात वापर नको. शक्य असेल तेथे शाळेत येताच फोन जमा करावा व घरी जाताना परत द्यावा, असे न्यायालयाने सुचवले. ‘शक्य असेल तेथे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्या शाळेत हजेरीपत्रके ठेवायलाही धड कपाट नाही, तेथे शे-दीडशे फोन कोण सांभाळणार? हरवल्यास भरपाई कोण देणार? घरातला एकुलता एक फोन मुलाने आणला असेल आणि तो महिनाभरासाठी जप्त झाला, तर शिक्षा मुलाला होते की त्याच्या आईच्या रोजगाराला?

आपल्या मुलाच्या किंवा धाकट्या भावंडाच्या शाळेचा यासंबंधीचा नियम मिळवून वाचा. त्यात या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर ती विचारणारे पत्र मुख्याध्यापकांना लिहा.