पाणी बघून तारीख दे

अगं, सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना पक्षी दाखवायला न्यायचं ठरवलंस, फार बरं केलंस. आईला सांगितलंस का? तिची समजूत मी काढते, पण आधी तुझी काढायची आहे. तू म्हणतेस, नोव्हेंबरात सुरुवात करते आणि पहिल्याच सहलीत पट्टकादंब दाखवते. बाई गं, कॅलेंडर बघून तारीख देऊ नकोस. पाणी बघून दे.

हिंगोलीत सगळा खेळ धरणांचा. येलदरीतून सुटलेलं पूर्णेचं पाणी सिद्धेश्वरात येतं, तिथून कालव्यानं पुढं शेतांना जातं. पाऊस चांगला झालेल्या वर्षी दिवाळीनंतरही धरण काठोकाठ असतं. चिखल उघडाच पडलेला नसतो, मग तुतवाऱ्या उतरणार कुठं? रब्बीच्या पाणीपाळ्या सुरू होऊ देत, पाणी मागं सरू दे, गाळपेरीचा हरभरा वर येऊ दे. मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब त्या कोवळ्या पाल्यावर चरायला येतात.

पाहुण्यांना तो सोहळा, शेतकऱ्याला तो तोटा. म्हणून बांधावर पाय ठेवण्याआधी त्याला रामराम घाल, कशासाठी आलोय ते सांग. रोह्याचंही तसंच. शहरातली माणसं नीलगाय म्हणून हरखतात, पण ज्याचं पीक एका रात्रीत तुडवलं गेलंय, त्याच्यासमोर कुणाला ‘वा, किती सुंदर’ म्हणू देऊ नकोस. उद्या तोच माणूस तुझी वाट अडवेल, आणि त्याचं काही चुकणार नाही.

बदकं कुठल्या फुगवट्यात बसलीत हे तुझ्या मोबाइलच्या आधी जाळं टाकणाऱ्या भोयांना कळतं. आदल्या दिवशी त्यांना विचार. त्यांची नाव घेतलीस तर भाडं आधी ठरव, आणि थव्याच्या अंगावर नाव घालायची नाही हेही तेव्हाच बोलून घे. ईसापूरकडं जाणार असशील तर तिथं अभयारण्य आहे, वन विभागाला विचारल्याशिवाय गाडी काढू नकोस.

नवख्यांना मात्र मी धरणावर नेणारच नाही. फाल्गुनात पळस, काटेसावर फुलली की भोरड्या येतात. त्यांना दुर्बीणही लागत नाही. उभ्या जोंधळ्यावर ढगासारखा थवा उतरतो आणि राखणदाराची हाळी आली की वळसा घेऊन उठतो. एप्रिलपर्यंत त्या परतीला लागतात, तेवढ्यात दोन-चार सहली उरकून घे.

उन्हाळा मला सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जोखमीचाही. पाणी आटतं, उरल्या डबक्याभोवती पक्षी एकवटतात, फोटो भरपूर मिळतात. पण टिटवीची अंडी उघड्या खड्यांवर असतात, नदी सुरयाची बेटावरच्या वाळूत. माणूस जवळ गेला की आई उठते आणि त्या उन्हात अंडी शिजून जातात. कितीही मोठा फोटोग्राफर असू दे, घरट्याकडं न्यायचं नाही. मोबाइलवर आवाज वाजवून नवरंगाला झुडपाबाहेर काढा म्हणतील, तेही नाही. माळावर लांडगा दिसला तरी त्याच्यामागं गाडी घालू द्यायची नाही. पैसे गेले तर जाऊ देत.

पावसाळ्यात धंदा थंडच असतो. काळ्या रानात गाडी रुतली तर पक्षी राहतात बाजूला. डांबरी रस्त्यालगतच्या विहिरी हेरून ठेव. श्रावणात त्यांच्या काठच्या बाभळीवर सुगरणीचे खोपे लटकलेले असतात. नर अर्धा खोपा विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडला तरच राहते. लेकरांना घेऊन आलेल्या घरांना एवढं पुरतं. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून कधी ओरडायला लागतो, चातक कधी दिसतो, तेवढं आपल्या वहीत लिहून ठेवत जा.

आता पैशांचं. आपण बायका इथंच पडतं घेतो. ‘द्या काय द्यायचं ते’ म्हणू नकोस. आकडा सांग, अर्धे आगाऊ घे, आणि अमुक पक्षी दिसेलच असा शब्द कुणालाही देऊ नकोस. जेवण गावातल्याच एखाद्या घरून घे, भाकरी-ठेच्याचे पैसे त्या बाईच्या हातात दे. तिच्याकडंच बाईमाणसांच्या संडासाची सोय बोलून ठेव. याचा विचार कुणी करत नाही, आणि त्यामुळंच बायका दुसऱ्यांदा येत नाहीत.

राहिला तुझा नोव्हेंबर. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला सालिम अलींचा. त्यामधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या आठवड्यात पाहुणे घेऊ नकोस. गावच्या शाळेतली पोरं घेऊन तळ्यावर जा आणि त्यांच्याकडून एक रुपयाही घेऊ नकोस.