शीर्षकाची ओळ

रविवारी सकाळी दार उघडलं तर तळमजल्यावरचे सर उभे. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सोसायटीचं बिल ते अजूनही उत्तरपत्रिकेसारखं तपासतात. कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘हे बघ. दुरुस्ती निधी शून्य, सिंकिंग फंड ६००. मागील बाकी २००, आणि तिच्यावर व्याज साडेतीन रुपये! अरे, तीस वर्षांत माझी एका महिन्याची बाकी राहिलेली नाही.’

डोंबिवली पूर्वेला आमची ४८ फ्लॅटची सोसायटी. ‘तू आयटीत आहेस ना,’ म्हणत कमिटीने बिलांचं काम माझ्या गळ्यात घातलं होतं. खजिनदार काका एक्सेलची शीट पाठवायचे, मी ती सीएसव्ही करून माझ्या पायथन प्रोग्रॅमला द्यायचो आणि ४८ बिलं तयार. वर्षभर एकही तक्रार नव्हती. त्या महिन्यात मात्र ४८च्या ४८ बिलं चुकली होती आणि प्रोग्रॅमने साधी एररही दिली नव्हती.

झालं होतं ते असं. शीटमध्ये सहा रकाने होते : फ्लॅट, नाव, सेवाशुल्क, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, थकबाकी. प्रोग्रॅममध्ये मी प्रत्येक रकाना आकड्याने ओळखत होतो. पायथन शून्यापासून मोजतं, म्हणून थकबाकी म्हणजे ओळ[५]. व्याज तेव्हाच्या उपविधींतल्या कमाल मर्यादेप्रमाणे द.सा.द.शे. २१, म्हणजे ओळ[५] गुणिले २१, भागिले १००, भागिले १२. त्या महिन्यापासून कमिटीने पार्किंगचे पैसे घ्यायचं ठरवलं. काकांनी ‘पार्किंग’ हा रकाना सेवाशुल्काच्या शेजारी घातला. बिलात तो तिथेच शोभतो, त्यांचं काहीच चुकलं नाही. पण त्यानंतरचे सगळे रकाने एकेक घर पुढे सरकले आणि माझ्या ओळ[५]मध्ये थकबाकीच्या जागी सिंकिंग फंड येऊन बसला.

सरांकडे गाडी नाही, म्हणून त्यांचं पार्किंग शून्य. ते शून्य दुरुस्ती निधीच्या नावावर छापलं गेलं. दुरुस्ती निधीचे ६०० सिंकिंग फंडात गेले, सिंकिंग फंडाचे २०० बाकीत, आणि त्या २०० वर महिन्याचं व्याज साडेतीन रुपये. बेरीज २३०० ऐवजी २३०३.५०. वरवर बघणाऱ्याला खटकू नये इतकाच फरक, आणि मी वरवरच बघितलं होतं. खरी गंमत दुसऱ्या टोकाला होती. एका सभासदाची थकबाकी ३८,००० रुपये होती. तिच्यावर ६६५ रुपये व्याज लागायला हवं होतं. त्यांनाही साडेतीनच रुपये लागले आणि ३८,००० तर बिलातून गायबच झाले. त्यांनी ते बिल त्याच संध्याकाळी भरलं. संशय मला तेव्हाच यायला हवा होता.

सोमवारी संध्याकाळी ठाणे स्टेशनवर इंडिकेटरखाली उभा होतो. नागपूरहून नवीनच आलेला सहकारी सोबत होता. त्याने विचारलं, ‘हे एस म्हणजे स्लो ना?’ म्हटलं, कुठलं एस त्यावर आहे. पहिल्या जागी एस असेल तर कर्जत, शेवटच्या जागी असेल तर स्लो. आपल्याला रोजच्या सवयीने ते कळतं, कारण कुठल्या जागी काय येतं हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. नवख्याला अक्षर दिसतं, अर्थ दिसत नाही. माझा प्रोग्रॅम तसाच होता. ओळ[५] म्हणजे काय, हे मला पाठ होतं. काकांना ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, आणि सहा महिन्यांनी मलाही आठवलं असतं की नाही, शंकाच आहे.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते एका गोष्टीचं. फाइलच्या पहिल्याच ओळीत काकांनी प्रत्येक रकान्याचं नाव नीट लिहिलेलं होतं. माझा प्रोग्रॅम सुरू होताच पहिलं काम काय करायचा, तर ती ओळ ‘शीर्षक आहे’ म्हणून टाकून द्यायचा.

दुरुस्ती म्हणून मी नेम्डटपल आणलं. रेमंड हेटिंगर यांचं हे काम २००८ साली पायथन २.६ मध्ये आलं. साध्या टपलमध्ये किंमती नुसत्या ओळीने बसतात. नेम्डटपलमध्ये प्रत्येक जागेला नाव मिळतं. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीतही चालतात, म्हणून मी सरळ नोंद.थकबाकी असं लिहिलं. मेमरी साध्या टपलइतकीच लागते आणि चार ओळींत काम होतं. कल्पना काही नवी नाही. कोबॉलच्या काळापासून, म्हणजे साठेक वर्षं, हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डच्या प्रत्येक भागाला नाव देतात. पास्कलमध्ये रेकॉर्ड आहे, सीमध्ये स्ट्रक्ट आहे. जावात मात्र रेकॉर्ड हा प्रकार कायमचा व्हायला २०२१ चं जावा १६ यावं लागलं.

मला वाटलं, आता सुटलो. पण नाव दिल्याने जागा पुसली जात नाही. नेम्डटपल आतून टपलच असतं.

पुढच्या वर्षी काकांनी दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड यांची अदलाबदल केली. मी सीएसव्हीची ओळ अजूनही क्रमानेच नेम्डटपलमध्ये ओतत होतो. रकाना वाढला असता तर पायथनने ‘जास्त किंमती आल्या’ म्हणून तिथेच थांबवलं असतं; एवढा फायदा नेम्डटपलने दिलाच. पण रकाने तेवढेच होते, फक्त क्रम वेगळा. त्यामुळे नोंद.दुरुस्ती_निधी असं ठसठशीत नाव लावून प्रोग्रॅम मला सिंकिंग फंड देत होता. ओळ[४] बघून निदान शंका तरी येते. चुकीच्या नावावर डोळे मिटून विश्वास बसतो. एव्हाना मी सरांचं बिल छपाईआधी हाताने ताडून बघायला शिकलो होतो, म्हणून वाचलो.

तिसरा झटका पावत्यांनी दिला. पावती आणि थकबाकी अशी दोन वेगळी नेम्डटपल केली होती, दोन्हींत फ्लॅट आणि रक्कम. बी-२०४ची २५०० रुपयांची पावती आणि बी-२०४ची २५०० रुपयांची थकबाकी सारखी आहे का, असं विचारलं तर पायथन ‘हो’ म्हणतं. दोन टपलांमधल्या किंमती जुळल्या की त्याच्या लेखी ती सारखीच. भरलेले पैसे आणि न भरलेले पैसे एकच!

एवढे टक्केटोणपे खाऊन जे शिकलो, ते सांगतो.

फाइल वाचताना शीर्षकाची ओळ वाया घालवू नका. पायथनमधलं डिक्टरीडर ती वाचून प्रत्येक किंमत तिच्या नावाशी जोडतं. मग रेकॉर्ड भरतानाही नावानेच भरा, क्रमाने ओतू नका. अपेक्षित नाव शीर्षकात सापडलं नाही तर प्रोग्रॅम तिथेच थांबू द्या. थांबलेला प्रोग्रॅम कमिटीच्या मीटिंगमध्ये समजावून सांगता येतो, चुकीची ४८ बिलं सांगता येत नाहीत.

नेम्डटपलमध्ये नवीन रकाना घालायचा तर शेवटी घाला आणि त्याला डिफॉल्ट किंमत द्या, पायथन ३.७ पासून ती सोय आहे. मध्ये घातलात तर जुन्या कोडमध्ये जिथे कुठे जागेचा आकडा लपून राहिलाय, तिथे माझ्यासारखंच होईल.

नेम्डटपलमधली किंमत जागच्या जागी बदलता येत नाही. बदललेली प्रत वेगळी मिळते, आणि ती आठवणीने जपून ठेवावी लागते. एकदा पावती जमा करताना मी ती प्रत ठेवायलाच विसरलो. सभासदाचे पैसे बँकेत आले, पण माझ्या हिशेबात आले नाहीत.

ज्या नोंदी सतत बदलतात, किंवा ज्यांची एकमेकींशी गल्लत परवडणार नाही, त्यांच्यासाठी डेटाक्लास घ्या. २०१८च्या पायथन ३.७ मध्ये तो आला. जागेच्या आकड्याने तो उघडत नाही, आणि पावती व थकबाकी यांना सारखं मानत नाही. वाचायची, दाखवायची आणि पुढे द्यायची अशी छोटी नोंद असेल तर नेम्डटपल पुरेसं आहे.

त्या पहिल्या चुकीनंतर सरांना दुरुस्त बिल द्यायला स्वतः गेलो होतो. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ बोटाने तपासली, २३०० वर खूण केली आणि म्हणाले, ‘आता बरोबर. पण पुढच्या महिन्यातही मी बघणार.’ दर महिन्याला बघतात.

तुमच्याही सोसायटीचा, मंडळाचा किंवा दुकानाचा हिशेब असा एखादा घरगुती प्रोग्रॅम सांभाळत असेल, तर आज रात्री तो उघडा आणि चौकोनी कंसातले आकडे शोधा. प्रत्येक आकड्याच्या जागी नाव लिहा, आणि ते नाव फाइलच्या पहिल्या ओळीशी ताडून घ्या.