अणू, रेणू आणि खताचं पोतं

आपल्यापैकी बरेच जण बारामती-इंदापूर भागातल्या मराठी शाळांतून आलेले. फर्स्ट इयरला ‘ॲटम’, ‘मॉलिक्यूल’, ‘व्हॅलन्सी’ सुरू झालं, की वाटतं सगळं नव्याने शिकायचं. पण अणू, रेणू, संयुजा आपण शाळेतच शिकलोय. फक्त शब्दाला शब्द नीट जुळवायला हवा.

१) अणू की रेणू?
मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण म्हणजे अणू. अणू बंधांनी जोडले गेले, की रेणू. माळेगाव, सोमेश्वरनगर किंवा भवानीनगरच्या साखरेचा एक रेणू घ्या : कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११, एकूण ४५ अणू. तोडलेला ऊस गव्हाणीत पडायला उशीर झाला, की हा रेणू पाण्याचा एक रेणू घेऊन फुटतो. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. म्हणून साखरेचा उतारा घटतो. इथे रेणू फुटला, पण अणू एकही फुटला नाही!

२) हिंदीतला घोळ
हिंदी पुस्तक वाचताना किंवा व्हिडिओ बघताना जपा. हिंदीत ॲटम म्हणजे ‘परमाणु’ आणि मॉलिक्यूल म्हणजे ‘अणु’. म्हणजे हिंदीतला अणु हा आपला रेणू. ऑक्सिजनच्या अणूचं वस्तुमान १६, रेणूचं ३२. शब्द चुकला, की उत्तर थेट निम्मं किंवा दुप्पट.

३) अर्थ सांगणारा शब्द
‘आयसोटोप’ लक्षात राहत नाही? ग्रीकमध्ये ‘आयसोस’ म्हणजे सम, ‘टोपोस’ म्हणजे स्थान. आपला शब्द समस्थानिक : आवर्तसारणीत एकाच स्थानावरचे. कार्बन-१२ आणि कार्बन-१४ मध्ये प्रोटॉन ६च. न्यूट्रॉन मात्र ६ आणि ८.

४) पोत्यावरचे आकडे
नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द घरोघरी माहीत आहेत. पुस्तकात ते नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम. पण १०:२६:२६ च्या पोत्यावर नत्र तेवढं मूलद्रव्य म्हणून मोजतात; स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या रूपात. पोत्यात ते ऑक्साइड असतातच असं नाही, ही फक्त मोजायची रीत.

स्फुरदाचा हिशोब : फॉस्फरसचे २ अणू (६२) अधिक ऑक्सिजनचे ५ (८०), बेरीज १४२. पैकी फॉस्फरस सुमारे ४४ टक्के. ५० किलोच्या पोत्यात स्फुरद १३ किलो, पण फॉस्फरस सुमारे ५.७ किलोच.
पालाशाचा हिशोब : पोटॅशियमचे २ अणू (७८) अधिक ऑक्सिजनचा १ (१६), बेरीज ९४. पोटॅशियम ८३ टक्के, म्हणजे १३ किलोत सुमारे १०.८ किलो.

शिफारस ऑक्साइडमध्ये असेल आणि आपण ती शुद्ध फॉस्फरस समजून खत मोजलं, तर डोस दुपटीहून जास्त होतो. पैसा आपल्याच घरचा जातो. म्हणून कोष्टक बघताना आधी विचारा : हा आकडा मूलद्रव्याचा की ऑक्साइडचा?

आता तुम्ही करा : १२:३२:१६ च्या ५० किलोत फॉस्फरस आणि पोटॅशियम किती?
(उत्तर : सुमारे ७ किलो आणि ६.६ किलो.)