कंपनीचा राउटर बदलण्यापूर्वी

घरात इंटरनेट नीट चालत नाही, ही तक्रार आपल्या व्यापाऱ्यांत आणि कारीगरांत आता सर्रास ऐकू येते. कपड्याच्या धंद्यात तर हा मामला थेट रोजीरोटीशी भिडतो. पूर्वी नमुन्याचे तुकडे दलालाच्या पिशवीतून सुरतेला जात. आज तिकडचे गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर तागा उलगडून पाहते, रंग विचारते आणि तिथेच भाव ठरतो. २०२४ सालच्या ईदच्या हंगामात आमचा असाच एक सौदा चालू असताना चित्र थिजले, आवाज तुटला, आणि पुन्हा कॉल लागेपर्यंत समोरच्याने दुसरीकडचा माल पसंत केला होता. रागाच्या भरात मी दुसऱ्याच दिवशी बाजारातून महागडा राउटर आणला. फरक जवळजवळ काहीच पडला नाही. तो का पडला नाही, हे समजायला मला पंधरा दिवस लागले. तेच येथे मांडत आहे.

प्रथम मोजमाप समजून घ्यावे. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि फाइलचा आकार आपण मेगाबाइटमध्ये पाहतो. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणजे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच माल उतरणार. वार आणि मीटर यांची गफलत केली तर हिशेब चुकतो, तसाच हा प्रकार आहे. यात फसवणूक नसते.

आता दोष कुठे आहे ते शोधावे. दोषाच्या जागा तीन: बाहेरून आलेली तार, कंपनीने बसवलेली पेटी आणि आपले स्वतःचे घर. संगणक तारेने थेट पेटीला जोडून वेग मोजावा. वायफाय बंद ठेवावे. तारेची सोय नसलेला संगणक असेल तर मोबाइल घेऊन पेटीपासून दोन हातांवर उभे राहावे आणि ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क निवडून मोजावे. तारेवरही वेग कमी आला तर नवा राउटर घेणे म्हणजे पैसे पाण्यात. तेव्हा कंपनीकडेच तक्रार करावी. पुष्कळदा भिंतीच्या कोपऱ्यात फायबरला घडी पडलेली असते. फायबर ही काच आहे. कापडाची घडी मोडते, काचेतून मात्र उजेड गळतो. पेटीवरचा ‘लॉस’ असे लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर उजेडच पोहोचत नाही, असे समजावे.

तारेवर पूर्ण वेग आणि खोलीत मात्र रडकथा, असे असेल तर दोष वायफायचा. इथे पेटीचे वय पाहावे. २००९ च्या मानकावर बनलेल्या स्वस्त पेट्या फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेले तीनच आहेत: १, ६ आणि ११. दाट मोहल्ल्यात वीस घरांची वायफाये त्या तीन गल्ल्यांतच दाटीवाटी करतात. २०१३ च्या मानकापासून पुढच्या राउटरांत ५ गिगाहर्ट्झची रुंद वाट मिळते. वेग खूप, पण भिंत ओलांडताना तिचा दम लवकर सुटतो. स्लॅबमधील सळ्या, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट आणि शटर हे दोन्हींचे दुश्मन आहेत.

माझी पहिली चूक इथेच झाली. पेटी वरच्या मजल्यावर, झोपण्याच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागे. पेढी खाली. नवा राउटर मी त्याच खिळ्याला टांगला! स्लॅब तोच, कपाट तेच, मग काम कसे सुधारणार? दुसरी चूक तारेची. पेटी आणि राउटर यांच्यामध्ये घरात पडलेली जुनी तार लावली. या तारेत आठ बारीक तारा, म्हणजे चार जोड्या असतात. त्या तारेत कोणीतरी दोनच जोड्या जोडल्या होत्या. अशी तार १०० मेगाबिटच्या पुढे जात नाही. माझी योजना २०० ची आणि मोजमाप दरवेळी ९४! ताण्यातले निम्मे धागे गळाले असतील तर मागाला दोष देऊन काय उपयोग?

फायबरची जोडणी असेल तर कंपनीची पेटी काढून फेकता येत नाही. उजेडाचे विजेत रूपांतर तीच करते आणि तिचा क्रमांक कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो. म्हणून नवा राउटर तिच्या पुढे जोडायचा असतो. त्याच्या वाटा दोन आहेत. पहिलीत पेटीला ‘ब्रिज’ करून घेतात आणि कंपनीने दिलेले युजरनेम व पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरतात. यासाठी कंपनीची मदत लागते. पेटीवर घरचा फोन चालत असेल तर तो बंद पडेल का, हे आधी विचारून घ्यावे. दुसरी वाट सोपी. पेटी जशी आहे तशी ठेवावी, तिच्या लॅनच्या छिद्रातून तार काढून नवा राउटर हवा त्या जागी न्यावा, त्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ या पद्धतीवर ठेवावे आणि जुन्या पेटीचे वायफाय गरज नसेल तर बंद करावे. ही पद्धत निवडायला विसरलात तर घरात दोन वेगळी जाळी तयार होतात आणि वरच्या मोबाइलला खालचा प्रिंटर सापडत नाही.

आम्ही दुसरी वाट धरली. जिन्याच्या कडेने कॅट-६ तार खाली आणली. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते, आपल्या घरांना ती पुरून उरते. राउटर पेढीच्या मधोमध, माणसाच्या डोक्याच्या वर बसवला. वरच्या मजल्यावर जुनी पेटी कपाटामागून काढून मोकळ्या जागी आणली. तारेसह एका कारीगराची अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढाच वरखर्च आला. बाजारात ‘बूस्टर’ म्हणून जे विकतात, ते मुळात कमजोर झालेला आवाज ऐकून पुन्हा ओरडणारे यंत्र आहे. एकाच पट्ट्यावर घेणारे आणि देणारे असेल तर त्यात निम्मा वेग जातो. तार टाकणे शक्य असेल तोवर मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

राउटर घेताना लॅनची छिद्रे १०० ची आहेत की १००० ची, हे दुकानदाराकडून डब्यावर दाखवून घ्यावे. माझ्यासारखे उर्दू माध्यमातून शिकलेले लोक इंग्रजी डबा पाहून मान डोलावतात, आणि दुकानदार तेवढ्यावर शिळा माल गळ्यात मारतो. लाज न बाळगता मुलाला किंवा मुलीला बरोबर न्यावे. पक्के बिल घ्यावे.

बसवल्यावर पहिले काम पासवर्डचे. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या आत शिरण्याचा वेगळा. दुसरा अनेकजण कारखान्यातून आला तसाच ठेवतात. पेढीवर येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क सुरू करावे, म्हणजे हिशेबाचा संगणक आणि कॅमेरे त्यांच्या मोबाइलपासून अलग राहतात.

वीज गेली तर पेटी आणि राउटर दोघांनाही बॅटरी हवी, एकालाच देऊन चालत नाही. दोन्ही ॲडाप्टर एकसारखे दिसतात, पण एक ९ व्होल्टचा आणि दुसरा १२ चा असू शकतो. त्यांवर चिठ्ठी चिकटवून ठेवावी. कंपनीची पेटी बहुधा तिच्याच मालकीची असते. जोडणी सोडताना ती ॲडाप्टरसह परत करून पावती घ्यावी, नाहीतर तिची किंमत अनामत रकमेतून वळती होते.