भीमेच्या उगमाची वनवाट : भोरगिरी ते श्रीक्षेत्र भीमाशंकर

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले श्रीक्षेत्र भीमाशंकर पुणे जिल्ह्यात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर वसले आहे. आज बहुसंख्य भाविक मंचर-घोडेगाव मार्गे वाहनाने येतात, पायऱ्या उतरून दर्शन घेतात आणि त्याच दिवशी परततात. मोटाररस्ता होण्यापूर्वी मात्र येथे येणारा प्रत्येक यात्रेकरू अरण्यातून पायी येत असे. त्या जुन्या पाऊलवाटा आजही चालत्या आहेत. त्यांपैकी भीमेच्या खोऱ्यातून वर येणारी भोरगिरीची वाट भाविकांनी एकदा तरी चालावी अशी आहे. देवाचे स्थान, नदीचा उगम आणि भोवतालचे अरण्य या तीन वेगळ्या गोष्टी नसून एकच क्षेत्र आहे, याची प्रचीती या वाटेवर येते.

क्षेत्र आणि नदी

त्रिपुरासुराशी झालेल्या युद्धानंतर भगवान शंकर या डोंगरावर विसाव्यास थांबले व त्यांच्या अंगावरून ओघळलेल्या घामाच्या धारांतून भीमा प्रकट झाली, अशी कथा सांगितली जाते. क्षेत्राच्या ठिकाणी उगम पावलेली ही नदी काही अंतर गुप्त होते आणि पुढे वनात पुन्हा प्रकट होते, अशीही श्रद्धा आहे. त्या स्थानास गुप्त भीमाशंकर म्हणतात.

येथून निघालेली भीमा खेड तालुक्यात चासकमान धरणात विसावते आणि राजगुरुनगरावरून पुढे जाते. तुळापूरला तिला इंद्रायणी मिळते. अष्टविनायकांपैकी सिद्धटेक तिच्याच काठी आहे. उजनी धरण ओलांडून ती नीरा नरसिंहपूरला नीरेस भेटते. पंढरपूरला चंद्रकोरीसारखे वळण घेतल्यामुळे ती चंद्रभागा म्हणून वंदिली जाते. पुढे कर्नाटकात गाणगापूरजवळ अमरजेचा संगम होतो आणि सुमारे ८६१ किलोमीटरांचा प्रवास करून ती रायचूरच्या उत्तरेस कृष्णेस मिळते. शैव, गाणपत्य, वारकरी आणि दत्त संप्रदाय या सर्वांची तीर्थे एका जलधारेत ओवणारी ही नदी आहे. वारकरी ज्या चंद्रभागेत स्नान करतो, तिची पहिली धार भोरगिरीच्या वाटेवर आपल्या पायांजवळून वाहत असते.

भोरगिरीची वाट

राजगुरुनगराहून चास, वाडा या गावांवरून भोरगिरीस जाता येते. रस्त्याचा बराचसा भाग चासकमानच्या जलाशयाच्या आणि नदीच्या सोबतीने जातो. एस.टी.च्या फेऱ्या मोजक्या असल्याने त्यांच्या वेळा राजगुरुनगर स्थानकातच विचारून घ्याव्यात. भोरगिरीस कोटेश्वराचे प्राचीन स्थान असून, गावामागील लहानशा गडाच्या पोटात कोरीव लेणी आहेत. नद्यांच्या उगमांजवळ झंझ राजाने बारा शिवालये उभारली, अशी परंपरा आहे. कोटेश्वराची गणना त्यांत केली जाते.

गावातून निघालेली वाट प्रथम शेतांच्या बांधांवरून जाते व लवकरच झाडीत शिरते. पुढे कधी चढ, कधी मोकळे पठार, कधी ओढ्याचे पात्र असा क्रम चालतो. एकूण अंतर सुमारे सात ते आठ किलोमीटर असून, सावकाश चालणाऱ्यास तीन ते चार तास पुरतात. चढ फार अवघड नाही, परंतु गुरांच्या वाटा ठिकठिकाणी फुटत असल्याने नवख्या माणसाची दिशा चुकते. म्हणून भोरगिरीतून वाटाड्या सोबत घ्यावा. त्याचा योग्य मोबदला देणे आणि गावातच जेवण घेणे हेही यात्रेतील दानच होय.

वनाच्या अखेरच्या टप्प्यात गुप्त भीमाशंकराचे दर्शन होते. पावसाळ्यात येथे कातळावरून कोसळणाऱ्या धारेखाली शिवलिंगावर निसर्गतःच अभिषेक चालू असतो. तेथून साक्षी विनायकाचे दर्शन घेऊन मुख्य मंदिरापर्यंत यावे. मंदिराच्या शिखराचे काम नाना फडणवीसांनी करविले. मंदिरासमोरील पोर्तुगीज बनावटीची घंटा चिमाजी अप्पांनी वसईच्या १७३९ च्या विजयानंतर अर्पण केली, असे सांगतात.

कोकणातून येणाऱ्या वाटा

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खांडस हे गाव घाटपायथ्याशी आहे. तेथून दोन वाटा वर येतात. गणेश घाटाची वाट लांबची, पण सोपी आहे आणि महाशिवरात्रीस व श्रावणात कोकणातील भाविक बहुधा हिनेच येतात. शिडी घाटाची वाट जवळची असली, तरी ती उभ्या कातळावरील लोखंडी शिड्यांवरून जाते. वृद्ध, बालके आणि चढाईचा सराव नसलेल्यांनी तिच्याकडे वळू नये. पावसाळ्यात तर ती सर्वांनीच वर्ज्य मानावी.

अरण्याचे माहात्म्य

भीमाशंकरचे वन १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे, ठाणे व रायगड या जिल्ह्यांत पसरले आहे. आंबा, जांभूळ, हिरडा, अंजनी असे वृक्ष येथे दाटीने वाढतात. हिरड्याची फळे गोळा करणे हा येथील महादेव कोळी समाजाचा पिढ्यानपिढ्यांचा व्यवसाय आहे. देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांत कुऱ्हाड न चालविण्याचा नेमही याच समाजाने जपला.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हा या वनाचा विशेष रहिवासी. तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची ही मोठी खार सहसा जमिनीवर उतरत नाही. ती फांदीवरून फांदीवर झेप घेत फिरते व उंच झाडांवर काटक्यापानांची घरटी बांधते. त्यामुळे मधले एक झाड तुटले, तरी तिचा रस्ता तुटतो. पावसाळ्याच्या रात्री कुजक्या लाकडावरील बुरशी मंद हिरवट प्रकाश देते, हेही येथील एक नवल आहे.

या अरण्याचे नदीशी असलेले नाते समजून घ्यावे. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी चार महिन्यांतच कोसळतो. झाडांची पाने त्या धारांचा मारा झेलतात, पालापाचोळा पाणी धरून ठेवतो, मुळांच्या आधाराने ते जमिनीत मुरते आणि पाऊस सरल्यावर झऱ्यांतून हळूहळू बाहेर येते. वृक्ष गेले, तर तेच पाणी माती घेऊन एकदम खाली धावेल व उन्हाळ्यात झरे लवकर आटतील. ३० जुलै २०१४ रोजी अंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर अतिवृष्टीत डोंगर कोसळून सुमारे दीडशे जणांचा अंत झाला. या मुलखातील उतार किती नाजूक आहेत, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

यात्रेकरूंसाठी सूचना

१. पायी यात्रेस ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात ओढ्यांना अकस्मात लोंढे येतात, दाट धुके पडते आणि शासनही काही वाटा वेळोवेळी बंद ठेवते. निघण्यापूर्वी वनविभागाकडे व मंदिराकडे चौकशी करावी.

२. पहाटे निघावे व अंधार पडण्यापूर्वी वन ओलांडावे. एकट्याने जाऊ नये.

३. प्रत्येकाने किमान दोन लिटर पाणी, थोडा कोरडा शिधा, काठी व विजेरी बाळगावी. चापडा हा हिरवा विषारी साप झुडपांत बसतो, म्हणून पाहिल्याशिवाय फांदी धरू नये.

४. शेकरूस किंवा माकडांस खाऊ घालू नये. भोंगे व मोठ्याने गाणी लावू नयेत. विस्तव पेटवू नये.

५. कुंडात व ओढ्यात निर्माल्य, साबण, वस्त्रे टाकू नयेत. प्लास्टिकच्या पिशव्या व बाटल्या आणूच नयेत. आणल्यास परत न्याव्यात.

शेवटच्या सूचनेकडे भाविकांनी विशेष लक्ष द्यावे. गंगाजलाची कावड आपण किती जपून नेतो! वाटेत ती भुईवर टेकू देत नाही. भीमेच्या उगमापाशी उभा राहिलेला यात्रेकरूही असाच कावडीचा वाहक आहे. त्याने येथे टाकलेली वस्तू तुळापूर, सिद्धटेक, पंढरपूर अशा तीर्थांच्या वाटेला लागते आणि त्याने राखलेले निर्मळ पाणीही त्याच वाटेने जाते. श्रीशंकराच्या पिंडीवर अर्पण केलेल्या बेलपत्राइतकेच वाटेवर न टाकलेला कचरा आणि न तोडलेली फांदी हेही अर्पणच आहे. ज्यांना वाहनाने यावे लागते त्यांनाही हे अर्पण करता येते, आणि ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी भोरगिरीहून चालत येऊन ते करावे.