लंगडणाऱ्या घोड्याची निगा व शिकवण

बारामती-इंदापूर भागात मेंढपाळांचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर चालते. दिवाळीनंतर वाटेला लागताना लंगडा घोडा मागे ठेवणे जड जाते. परंतु आठवड्याची घाई त्याचा पाय कायमचा घालवू शकते.

पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो. प्रथम खुरात खडा आहे का ते पाहावे. खिळा रुतला असल्यास स्वतः न उपटता पशुवैद्यकास बोलवावे. जखमेवर धनुर्वाताची लस विसरू नये. घोड्याला हा रोग चटकन होतो.

ताज्या सुजेवर पहिले २-३ दिवस, दिवसातून ३-४ वेळा, १५ ते २० मिनिटे थंड पाण्याची धार धरावी. विश्रांतीत भरडा कमी करावा, चारा-पाणी पुरेसे द्यावे.

पशुवैद्यकाने सांगितल्यावर मऊ, सपाट जमिनीवर हाती धरून ५ मिनिटे चालवावे. मग हळूहळू वेळ वाढवावी. दुसऱ्या दिवशी लंगडल्यास पुन्हा कमी करावी.

दुखावलेला घोडा पाय धरू देत नाही. चाबूक वापरू नये. क्षणभर पाय दिला तरी लगेच सोडून मान थोपटावी. दुडकी चाल सरळ पडेपर्यंत पाठीवर ओझे ठेवू नये.